पांढऱ्या शेवंतीचा हार

मिस्त्रींना नीट सांभाळून ने आणि नीट सांभाळून परत आण, असं आमच्या सातपूरच्या कंपनीतल्या मोठ्या साहेबांनी मला बजावलं होतं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा. डिप्लोमा झालेला, इंग्रजी बऱ्यापैकी, पण नोकरीत अजून कायम न झालेला. मिस्त्री पन्नाशीचे, चौथी पास, मुंबई आयुष्यात दोनदा पाहिलेले. तेव्हा कोण कोणाला सांभाळणार हे अगदी स्पष्ट होतं. विमानाने जमीन सोडली, माझ्या पोटात ढवळून आलं आणि मिस्त्रींनी कोटाच्या खिशातून आवळकाठी काढून माझ्या तोंडात कोंबली. "चावू नको. चघळ. खाली बघू नको," एवढं बोलून ते घोरायला लागले. पुढचे सहा महिने साधारण असेच गेले.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली ही गोष्ट. कंपनीने कोरियाहून एक भलामोठा प्रेस घेतला होता, पत्र्याचे भाग ठोकून काढणारा. तो जोडायचा कसा, बिघडला तर उघडायचा कसा, हे शिकायला दोघांना तिकडे पाठवायचं ठरलं. कागद वाचायला मी आणि हात लावायला मिस्त्री. शिकून आलो की मला कायम करणार, असं तोंडी आश्वासन होतं. मिस्त्रींना कसलंच आश्वासन नव्हतं. "मला कशाला पाहिजे? मशीन माझ्याबिगर चालनार हाय का?" असं त्यांचं म्हणणं.

त्यांचं खरं नाव कंपनीत फक्त हजेरीच्या कार्डावर होतं. सगळे मिस्त्रीच म्हणायचे. तिकडेही मी तशीच ओळख करून दिली आणि कोरियन मंडळी एकदम खूश झाली, कारण त्यांनी ते 'मिस्टर ली' असं ऐकलं, आणि तिकडे जिकडेतिकडे ली. हा सावळा, मिशीवाला ली कुठल्या गावचा, याची त्यांना फार उत्सुकता. मी खुलासा करायला गेलो तर मिस्त्रींनी मला अडवलं. "राहू दे रे डिप्लोमा. नातं लागतंय तर लागू दे." माझं नाव त्यांनी सहा महिन्यांत एकदाही घेतलं नाही. मी डिप्लोमा. रागावले की अर्धा इंजिनेर.

पोचल्या पोचल्या मी घड्याळ साडेतीन तास पुढे केलं. मिस्त्रींनी केलं नाही. शेवटपर्यंत केलं नाही. "परत गेल्यावर पुन्हा मागं घ्यायचंच ना? मग दोनदा कशाला फिरवायचं?" कारखाना सकाळी आठला सुरू व्हायचा, म्हणजे त्यांच्या मनगटावर साडेचार. "पहाटं साडेचारला कामावर येनारा नाशकात मी एकच," हे ते रोज सांगायचे आणि रोज स्वतःच हसायचे. पण उशीर एक दिवस झाला नाही. दुपारी जेवणाची घंटा झाली की घड्याळाकडे बघून म्हणायचे, "नऊ वाजले. आता मळ्यात पाटाचं पाणी सुटलं असंल." मला तेव्हा घरची फार आठवण यायची आणि ते घड्याळ फोडावंसं वाटायचं. त्यांना मात्र तेच घड्याळ बरं वाटायचं.

मशीनबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "मशीन म्हंजे म्हैस. आदी पाठीवरून हात फिरवायचा, मग दूध काढायचं." तिकडचे साहेब पांढरे हातमोजे घालून, मीटर लावून मशीन तपासायचे. मिस्त्री मोठा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचे, टोक मशीनला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. आता तुम्हाला वाटेल की मिस्त्रींनी कानाने बिघाड ओळखला आणि सगळे थक्क झाले. छे. मिस्त्री म्हणाले, डाव्या अंगाचं बेअरिंग गेलंय. अख्खा दिवस घालवून चौघांनी ते उघडलं. बेअरिंग आरशासारखं लख्ख. मी शरमेने खाली बघायला लागलो. मिस्त्रींनी मशीनच्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि मला म्हणाले, "सांग त्यास्नी. तब्येत चांगली हाय, म्हनावं. तपासून झाली." मी सांगितलं. काय सांगू, साहेबांनी वाकून आभार मानले.

राहायला जागा मिळणं सोपं नव्हतं. पहिल्या दोन घरांनी आम्हाला बघून दार लावलं. अगदी वाकून, नम्रपणे, पण लावलं. शेवटी कारखान्यातल्याच एका माणसाने त्याच्या आईच्या घरातली मागची खोली दिली. हा गडी सौदीत चार वर्षं रस्त्याच्या कामावर आपल्या लोकांबरोबर राबलेला. त्यामुळे त्याला मोडकंतोडकं हिंदी यायचं, आणि डाळ म्हटलं की त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. गावात आमचा दुभाषा म्हणा, पालक म्हणा, तोच.

त्याची आई विधवा. बुटकी, खणखणीत आवाजाची. मिस्त्रींनी उंबऱ्यातच तिला 'मावशी' करून टाकलं. ते तिच्याशी मराठीत बोलायचे, ती त्यांच्याशी कोरियनमध्ये, आणि दोघांचं व्यवस्थित चालायचं. मी शब्दकोश उघडून मध्ये पडलो की दोघंही माझ्याकडे वैतागून बघायची. पहिल्या दिवशी जेवायला धातूच्या काड्या दिल्या. मिस्त्रींच्या काड्यांतला मुळा दोनदा सटकला, तिसऱ्यांदा माझ्या वाटीत पडला. त्यांनी काड्या बाजूला ठेवल्या, बाही वर केली आणि पाची बोटांनी भात कालवायला घेतला. म्हातारीने चमच्याने त्यांच्या हातावर चापट मारली. "मावशी, ही बोटं देवानं काय पाना धरायलाच दिलीत का?" मिस्त्रींनी विचारलं. ती बराच वेळ काहीतरी सुनावत राहिली. चौथ्या दिवसापासून त्यांच्या वाटीशेजारी हात धुवायला कोमट पाणी येऊ लागलं.

पण त्यांची खरी दोस्ती जमली ती मटकीवर. मिस्त्रींनी नाशिकहून पाच किलो मटकी आणली होती. तिकडे रात्री गारठा पडायला लागला की घराची जमीन खालून तापवतात. झोपलं की पाठ मस्त शेकून निघते. मिस्त्रींनी लगेच त्या जमिनीचा उपयोग शोधला. मटकी भिजवली, फडक्यात बांधली आणि कोपऱ्यात ठेवली. म्हातारी झाडायला आली, तिने ते गाठोडं उचललं, वास घेतला, सोडून बघितलं. मला वाटलं, आता काढते आम्हाला बाहेर. ती मिस्त्रींच्या मनगटाला धरून त्यांना आपल्या खोलीत घेऊन गेली. तिथे काळ्या कापडाखाली, तळाला भोकं पाडलेल्या मडक्यात वीतभर लांबीचे सोयाबीनचे मोड. ती त्यांना दिवसातून चार-पाचदा पाणी घालायची. मिस्त्री मांडी घालून मडक्यासमोर बसले. "डिप्लोमा, हिच्या मोडाम्होरं आपले मोड म्हंजे नुसते डोळे उघडलेत बघ." त्यानंतर घरात एकदा तिचे मोड, एकदा आमचे मोड. मटकीची उसळ तिने पहिल्यांदा खाल्ली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं तिच्या. तिखट झाली होती.

मग दसरा आला. दसऱ्याला मशीनला हार नाही म्हणजे मिस्त्रींच्या दृष्टीने वर्षच वाया. झेंडू काही मिळाला नाही. पण बाजारात शेवंती भरपूर. त्यांनी पिवळी शेवंती आणून हार केला, प्रेसला घातला आणि खडीसाखर वाटली. मी धास्तावलो होतो. पण कोरियन कामगारांना यात नवल काहीच वाटलं नाही. नवीन मशीन आलं की ते त्याच्यासमोर शिजवलेलं डुकराचं मुंडकं मांडून नमस्कार करतात, असं म्हातारीच्या मुलाने सांगितलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने हाराबरोबर फोटो काढून घेतला. त्या टाळ्यांनीच पुढे घात केला.

झालं असं. नोव्हेंबरात म्हातारीची साठी होती. तिकडे साठीचं महत्त्व आपल्या साठीशांतीपेक्षाही मोठं. त्या दिवशी आईबापाला उंच आसनावर बसवतात, समोर फळांच्या, मिठायांच्या, तांदळाच्या वड्यांच्या उतरंडी रचतात, आणि मुलं-सुना पाया पडतात. म्हातारीचा नवरा साठीला तीन वर्षं उरली असताना गेला होता. बापाची साठी करायची राहून गेली, हे मुलाच्या मनातून जात नव्हतं. आईची तरी अशी करायची की गावाने नाव घ्यावं, कसलंही गालबोट लागता कामा नये. वर्षभर आधीपासून तो तयारीला लागला होता. मला दहा वेळा त्याने सांगितलं असेल, "भाई, मेरा माँ का दिन है. एक ही दिन है."

आणि आम्हाला त्याने घरच्यासारखं बोलावलं.

"मावशीला काय द्यायचं?" मी विचारलं.

"हार," मिस्त्री म्हणाले. "मशीनला घातला ना? मग मावशी काय मशीनपेक्षा हलकी हाय का?"

"परत पिवळी शेवंती?"

"पिवळी मशीनला झाली. मानसाला पांढरी. आमच्या मळ्यातली पांढरी शेवंती नाशकातल्या लग्नांना जाती, तुला काय ठाव, अर्ध्या इंजिनेरा."

आदल्या दिवशी आम्ही फुलांच्या दुकानात गेलो. मिस्त्रींनी पांढऱ्या शेवंतीकडे बोट दाखवलं, मग दोन्ही हात पसरले. म्हणजे सगळी. दुकानदाराचा चेहरा पडला. तो हळू आवाजात काहीतरी बोलला, कमरेत वाकला, फुलं दोन्ही हातांनी दिली, वर एक गुच्छ आपणहून घातला आणि आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आला. "बिचाऱ्याच्या घरी कायतरी झालेलं दिसतंय," मिस्त्री मला म्हणाले. मग मागे वळून त्यांनी त्यालाच हात जोडले आणि धीर धर, धीर धर, अशी खूण केली. मला तेव्हाही संशय आला नाही. मी शिकलेला ना.

साठीच्या दिवशी सकाळपासून मिस्त्री खोलीचं दार लावून बसले. सुई मावशीकडूनच खुणा करून मागून आणली. हार ओवायला त्यांना त्यांच्या आईने शिकवलेलं. मखमलाबादच्या मळ्यातली फुलं आणि भाजी घेऊन ती बाई पंच्याहत्तरीतही रोज नाशिकच्या बाजारात बसायची. मिस्त्रींचे पान्याने राठ झालेले हात, पण शेवंतीच्या देठातून सुई अशी जायची की पाकळी हलायची नाही. मांडीएवढा जाड हार झाला. खाली गोंडासुद्धा.

आम्ही मोठ्या खोलीत गेलो तेव्हा मुलाचं आणि सुनेचं पाया पडणं झालं होतं. खोली भरलेली. म्हातारी गुलाबी रेशमी कपड्यांत, उतरंडींच्या मागे, इतकी छान दिसत होती. मिस्त्री हार दोन्ही हातांवर आडवा घेऊन पुढे निघाले. एकेक माणूस गप्प होत गेला. मला वाटलं, हार बघून थक्क झालेत. कोणी हलायच्या आत मिस्त्रींनी तो म्हातारीच्या गळ्यात घातला आणि मागे सरून म्हणाले, "शंभरी गाठा, मावशी."

एक बाई रडायलाच लागली. मुलगा झेपावला, त्याने आईच्या गळ्यातून हार ओढून काढला. त्याचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. "ये क्या किया? ये मरने का फूल है! बाप मर गया, तब ये फूल आया घर में. मेरा माँ जिंदा है!"

कोरियात पांढरी शेवंती फक्त मयताला वाहतात. हे आम्हाला त्या क्षणी, त्या भरल्या खोलीत कळलं. दुकानदार का वाकला तेही कळलं. आता ही खोली गेली, शिकणं गेलं, माझी नोकरी गेली, हे सगळं मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला त्या मुलाकडे बघवत नव्हतं. वर्षभर त्याने जपलेला एक दिवस आम्ही पाच पावलांत नासवला होता.

मिस्त्रींचं तोंड पांढरंफटक पडलं. ते सरळ गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी म्हातारीसमोर जमिनीवर डोकं टेकवलं.

आणि मला एकदम आठवलं. महिन्या-दीड महिन्यापूर्वी त्या घरात बापाच्या फोटोपुढे पान वाढलं होतं, तेव्हा मुलाने दोनदा डोकं टेकवलं होतं. मी कारण विचारलं, तर त्याने मला दोन बोटं दाखवली. "मुर्दा, दो बार. जिंदा, एक बार." मिस्त्री त्या वेळी घरात नव्हते. आणि मिस्त्रींची सवय मला ठाऊक होती. देव असो की मशीन, डोकं टेकवायचं ते तीनदा. एकदा देवाला, एकदा आईबापाला, एकदा जमिनीला, असा त्यांचा नेम. आता हा माणूस उठणार आणि दुसऱ्यांदा वाकणार. त्यांना थांबवायला मी पुढे घुसलो, पण मध्ये वीसेक माणसं मांडी घालून बसलेली. सगळ्या खोलीचे डोळे मिस्त्रींच्या पाठीवर. सगळे तेच मोजत होते.

मिस्त्री उठेनात.

डोकं जमिनीला, पाठ वर, तसेच. मग जमिनीकडूनच त्यांचा आवाज आला. "डिप्लोमा. गुडघा धरला. मला उठव."

मी हललो नाही. हललो असतो तर ते उठून पुन्हा वाकले असते. तेवढ्यात म्हातारीने आपलं एक बोट वर केलं. सगळ्यांना दिसेल असं इकडून तिकडे फिरवलं आणि खणखणीत आवाजात काहीतरी म्हणाली. आधी ती रडणारी बाई हसली, मग मागचे हसले, मग सगळी खोली हसायला लागली. मुलाने कपाळाला हात लावला. "माँ बोलता है," तो मला म्हणाला, "एक बार किया. एक ही बार. मतलब मैं जिंदा है. अब इसको उठाओ."

मी आणि पुढे बसलेल्या एकाने मिस्त्रींना दोन्ही काखांत हात घालून उभं केलं. ते मुलाकडे बघून हात जोडायला लागले, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मुलगा अजून हार हातात घट्ट धरून होता, बाहेर टाकायला निघाला होता. म्हातारीने हात पुढे केला. मुलगा देईना. तिने दोनदा मागितला. मग स्वतः उठली, उतरंडींना वळसा घालून आली, हार त्याच्या हातातून घेतला, आपल्या हाताने गळ्यात घातला आणि फुलांचा वास घेतला. मुलाशी ती हळू बोलली. मग त्याने मिस्त्रींकडे बघून सांगितलं, "माँ बोलता है, ये फूल एक दिन आने का ही था. उस दिन माँ देख नहीं सकता. आज देख लिया."

नंतर जेवणं झाली, गाणी झाली. म्हातारीने हार काढला नाही. घरच्यांच्या फोटोत तिने मिस्त्रींना शेजारी बसवलं. मुलगा त्या दिवशी आमच्याशी फारसं बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो नेहमीसारखा आमच्या शेजारी येऊन बसला आणि मिस्त्रींच्या डब्यातली उसळ न विचारता उचलून खाल्ली.

मिस्त्री मात्र आठवडाभर गप्प होते. मी समजलो, लाजलेत. एकदा प्रेसखाली आडवे पडून बोल्ट आवळताना त्यांनी मला विचारलं, "डिप्लोमा, आमच्या म्हातारीनं जन्मभर हार ओवले. नाशकातल्या किती नवऱ्या मुलींच्या गळ्यात पडले असतील? तिच्या गळ्यात कुनी घातला असंल?"

"लग्नात घातला असेल की."

"दुष्काळातलं लगीन. गूळ-खोबऱ्यावर झालं." मग त्यांनी हात बाहेर काढला. "सोळाचा पाना दे."

जानेवारीत आम्ही परत आलो. मला कायम केलं. प्रेस जोडला, चालला. त्यानंतरच्या रविवारी मिस्त्रींनी मला मळ्यात जेवायला बोलावलं. त्यांची म्हातारी आई ओट्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. वाळलेलं, काटक शरीर, कपाळाला आठ्या. मिस्त्री आतून आले, हातात पांढऱ्या शेवंतीचा हार, तिकडच्यापेक्षा थोडा जाडच. त्यांनी तो आईच्या गळ्यात घातला आणि मागे राहिलेला दोरा नीट केला.

"मुडद्या," म्हातारी ओरडली. "मी काय मेले का रे? जित्या मानसाला कोन हार घालतं?"

मला इतकं हसू आलं की मी उठून विहिरीकडे गेलो. मिस्त्री हसले नाहीत. ते आईच्या शेजारी बसले आणि मेथीच्या जुड्या बांधायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वाट वाकडी करून बाजारातून गेलो. म्हातारी आपल्या जागेवर बसली होती, पुढ्यात मेथी, कोथिंबीर, झेंडूची पाटी. गळ्यात कालचा हार, कडा तपकिरी पडलेल्या, पदराखालून गोंडा बाहेर आलेला. येणारंजाणारं गिऱ्हाईक वळून वळून बघत होतं.

"आजी," मी म्हटलं, "हार काढला नाही का?"

तिने माझ्याकडे न बघता मेथीवर पाणी शिंपडलं.

"काढू कशाला? पोरगं सहा महिने परदेशात जाऊन एवढंच शिकून आलंय."